नसलेल्या बंधाऱ्याचा फोटो

मागच्या थंडीत मी आमच्या गावचा बंधारा फोडला. अहवाल पूर्ण करायचा होता.

(हे कारण मी पुढे बऱ्याच जणांना सांगून पाहिलं. एकालाही पटलं नाही. बायकोसमोर तर अजून त्याचं नाव काढायचीही सोय नाही.)

मी कल्याणच्या एका शाळेत हेडक्लार्क होतो. निवृत्त झाल्यावर मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावी येऊन राहिलो. गावात माझ्या अनुभवाचा उपयोग होईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात उपयोग झाला तो माझी बायको सुनंदा हिचा. आल्या आल्या ती महिला बचत गटाची अध्यक्ष झाली आणि मी अध्यक्षांचा नवरा झालो.

आमच्या गावाखालून एक ओहोळ जातो. पावसाळ्यात तो कुणाला जुमानत नाही आणि शिमग्याच्या आत आटून मोकळा होतो. त्याच्या काठच्या पडीक तुकड्यात गटाच्या बायकांनी भेंडी लावली. जन्मभर नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या शेतात राबलेल्या या बायका पहिल्यांदाच स्वतःचं म्हणून काहीतरी पिकवत होत्या. सुनंदा तर येईल त्याला बांधावर उभं करून दाखवायची. "ही भेंडी कुणाच्या नवऱ्याची नाय. आमची हाय!" हे सांगताना ती माझ्याकडे का बघायची ते मला तेव्हा कळत नव्हतं.

भेंडीला पाणी हवं, म्हणून ओहोळावर वनराई बंधारा घालायचं ठरलं. वनराई बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, सुतळीनं तोंडं शिवायची आणि पाण्याला आडव्या रचायच्या. गोण्या तालुक्याच्या ऑफिसातून आल्या आणि मेहनत बायकांनी फुकट केली. फुकटच्या मेहनतीला सरकारात 'श्रमदान' म्हणतात. घरात तिला काहीच म्हणत नाहीत.

बंधारा झाला. पाणी कमरेपर्यंत साचलं. सुनंदानं नारळ फोडला, बायकांनी एकमेकींना हळदकुंकू लावलं आणि सगळं छान चाललेलं असताना एक दिवस ग्रामसेवक आले. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. माणूस सज्जन. फक्त खिशात मोबाइल होता.

"वयनी, काम एक नंबर! मी नारळाच्या दिवशीच कागदी अहवाल पाठवून दिला. आता ॲपवर चढवतो. कामापूर्वीचा फोटो द्या."

"म्हंजे कुठला?" सुनंदानं विचारलं.

"बंधारा बांधायच्या आधीचा."

"आधी बंधाराच नव्हता. फोटो कशाचा काढणार?"

"नव्हता त्याचाच."

"नसलेल्या बंधाऱ्याचा फोटो?"

"हां! तो पहिला. मग काम चालू असतानाचा, मग काम पूर्ण झाल्याचा. पहिला दिल्याशिवाय ॲप दुसरा घेतच नाय."

बायकांच्या मोबाइलमध्ये ओहोळाचे जुने फोटो होते. ते चालेनात. फोटो ॲपच्याच कॅमेऱ्यातून, त्याच जागी उभं राहून काढायला हवा. त्यावर ठिकाण आणि वेळ आपोआप उमटते.

"आणि नाय दिला तर?" सुनंदा.

"तर सरकारच्या दृष्टीनं बंधारा झालाच नाय. पुढच्या वर्षी गोण्या मागायला तोंड नाय राहणार."

"सरकारच्या दृष्टीनं नसू दे. भेंडीच्या दृष्टीनं हाय ना? झालं तर!" असं म्हणून सुनंदा दांडाला पाणी सोडायला निघून गेली.

विषय तिथे संपायला हवा होता. पण अहवाल अपूर्ण राहणं मला सहन होत नाही. आख्ख्या नोकरीत माझ्या टेबलावरून एक रकाना कधी रिकामा गेला नाही. आणि इथे माझ्या स्वतःच्या बायकोच्या बंधाऱ्याचा पहिलाच रकाना रिकामा! मी भाऊसाहेबांना छातीवर हात ठेवून म्हटलं, "तुम्ही निश्चिंत जा. हे माझ्याकडे लागलं."

ते खरंच निश्चिंत गेले.

मी लगेच मेहुण्याला फोन लावला. बबन हा सुनंदाचा धाकटा भाऊ. किन्हवलीला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाइल दुरुस्त होतात की नाही माहीत नाही, पण बोलतो फार आत्मविश्वासानं. दुसऱ्या दिवशी तो नव्या मोटरसायकलवरून हजर. भाऊसाहेबांच्या परवानगीनं ॲप माझ्या मोबाइलवर घेतलं आणि आमचे प्रयोग सुरू झाले.

आधी आम्ही ओहोळाच्या वरच्या अंगाला, जिथे पात्र मोकळं होतं तिथे जाऊन फोटो काढला. ॲप म्हणालं, ठिकाण जुळत नाही. मग बंधाऱ्यावरच उभं राहून पाण्याकडे पाठ केली आणि खालच्या कोरड्या पात्राचा फोटो काढला. ॲपनं घेतला! आम्ही एकमेकांना टाळी दिली. तासाभरात भाऊसाहेबांचा फोन : "दादा, तिन्ही फोटोंत मागं खुणेला काठावरचा उंबर दिसायला पायजे. याच्यात उंबर नाय. परत केलाय."

उंबर पाण्याच्या बाजूला होता. तो इकडे आणता येत नव्हता.

"भावजी," बबन म्हणाला, "एकच आयडिया हाय."

खरं सांगायचं तर तीच आयडिया माझ्याही डोक्यात सकाळपासून घोळत होती. पण बबननं आधी उच्चारली, हे मी इथे नोंदवून ठेवतो. मधल्या चार गोण्या काढायच्या. पाणी उतरलं की फोटो. मग चारही गोण्या जिथल्या तिथे.

सुनंदाला सुगावा लागलाच. "बंधाऱ्याला बोट जरी लावलंत तर बघा! आता वरून पाणी कमी यायला लागलंय, गेलं तर परत भरायचं नाय." मी म्हटलं, "छे छे, मी कशाला?" एवढं ऐकून ती शांत झाली, यावरून तिचा माझ्यावर किती विश्वास होता ते दिसतं.

म्हसा गावच्या जत्रेला गटाच्या सगळ्या बायका टेम्पोनं गेल्या, त्या दिवशी आम्ही मुहूर्त धरला. बबननं मोटरसायकल बंधाऱ्याच्या खाली, कोरड्या पात्रात, सावली बघून लावली. (नवीन गाडी! ऊन नको लागायला.) तो मोबाइल घेऊन काठावर उभा राहिला आणि मी लेंगा वर खोचून फावडं घेऊन पाण्यात उतरलो.

पहिली गोणी मी काढली. दुसरीही मीच काढली. तिसरी मी काढली नाही, ती आपली आपण निघाली. तिच्यामागून चौथी निघाली, आणि मग सगळ्यांनाच घाई झाली.

"भावजी, थांबवा!" बबन ओरडला.

"कशानं?"

"भावजी, माझी गाडी!"

"तू फोटोकडे लक्ष दे!"

मोटरसायकल आडवी झाली, थोडी वाहत गेली आणि निर्गुडीच्या झुडपात जाऊन बसली. मी तिच्या दोन हात अलीकडे बसलो होतो. पाणी सगळं निघून गेल्यावर मी उठलो, वर आलो, आणि बबननं खालच्या अंगानं फोटो काढला. फोटो मात्र सुरेख आला. मागे उंबर, पुढे मोकळा ओहोळ, बंधाऱ्याचं नावनिशाण नाही. कोपऱ्यात एक मोटरसायकल आडवी दिसत होती, पण मोटरसायकल नसावी असा नियम कुठे लिहिलेला नव्हता.

ॲपवर हिरवी खूण उमटली. 'कामापूर्वीचा फोटो स्वीकारला.'

"बबन, स्वीकारला!" मी ओरडलो. हेडक्लार्कची ऑर्डर हातात पडली तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. बबन आनंदात सामील झाला नाही. तो गाडीच्या सायलेन्सरमधून चिखल काढत होता.

मग मी गोण्या परत रचायला वळलो. चार जागच्या जागी ठेवायच्या होत्या, पण जागाच उरली नव्हती. अर्ध्या गोण्या फाटल्या होत्या, उरलेल्या पार रस्त्याखालच्या मोरीपर्यंत गेल्या होत्या. आणि वरून ओहोळाची धार येत होती करंगळीएवढी. तेव्हा कुठे माझ्या आनंदाला ओहोटी लागली.

दिवस मावळायच्या आत टेम्पो आला. सुनंदा माझ्यासाठी जत्रेतून घोंगडी घेऊन आली होती. ती खांद्यावर तशीच टाकून भेंडी बघायला म्हणून थेट ओहोळावर आली. मागून सगळ्या बायका.

"अवो, पाणी कुठं गेलं?"

"फोटो मिळाला," मी म्हणालो.

"मी पाणी विचारलं."

मी मोबाइल खिशात घातला. बबन गाडीमागे जाऊन उभा राहिला. सुनंदा ओरडेल, चार शब्द सुनावेल अशी माझी तयारी होती. ती बांधावर बसली आणि नुसतं म्हणाली, "फुलावर आलेय हो भेंडी. आता कुठं फुलावर आलेय." तिचा आवाज ऐकून मला स्वतःची अतिशय लाज वाटली. ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

ते काम शेजारच्या जनीवयनीनं केलं. "सुनंदे, तुझा नवरा हाय म्हणून, नायतर गोण्यांच्या जागी यालाच आडवा घातला असता!"

"घाल गो," सुनंदा म्हणाली. "पण याच्यानं पाणी अडायचं नाय."

निकाल लागला तो असा : ज्यांनी तोडला त्यांनी बांधायचा. दुसऱ्या दिवसापासून मी आणि बबन गोण्या भरायला लागलो. बायका विहिरीवरून हंडे आणून एकेका रोपाच्या बुडाशी पाणी घालत होत्या आणि आमच्याजवळून जाताना आमच्याकडे बघत नव्हत्या. जनीवयनी तेवढी बघायची. माझ्या हाताला फोड आले, कंबर धरली. बबन सुतळीनं गोणीबरोबर स्वतःची बाहीही शिवून बसला. मधेच त्याला आठवण झाली, "भावजी, काम चालू असतानाचा फोटो!" मी चिखलात उभा राहून फावडं उचललं आणि हसलो. ॲपनं तोही स्वीकारला. हसलो कशाला ते मला आजही सांगता येणार नाही.

आमची गती बघून अखेर बायकाच पदर खोचून ओहोळात उतरल्या. "तुमच्यासाठी नाय आलो, भेंडीसाठी आलोय," हे प्रत्येकीनं मला वेगवेगळं सांगितलं. मग मात्र बंधारा झपाट्यानं उभा राहिला. पाणी चढायला लागलं ते फारच आस्ते. सुनंदा रोज काठी बुडवून बघायची आणि मी तिचा चेहरा बघायचो. वरच्या दोन ओळी वाळल्याच. बाकीची भेंडी मात्र तगली, आणि पहिला तोडा मुरबाडच्या बाजारात गेला त्या दिवशी सुनंदा माझ्याशी पुन्हा पूर्ण वाक्यात बोलली. मी काम पूर्ण झाल्याचा फोटो काढला. तिसरी हिरवी खूण! अहवाल पूर्ण.

आठवड्याभरानं तालुक्याहून मॅडम तपासणीला आल्या. मी आणि सुनंदा त्यांना बंधाऱ्यावर घेऊन गेलो. बंधाऱ्याच्या कडेला माती सरकली होती, ती फावड्यानं ओढत मी उभा होतो. मॅडमनी पाणी पाहिलं, भेंडी पाहिली, मनापासून कौतुक केलं. मग हातातला कागद उलटला.

"छान. आता दुसरा दाखवा."

"दुसरा काय?" सुनंदानं विचारलं.

"बंधारा. तुमच्या गावाचे दोन बंधारे नोंदलेत. एक कागदी अहवालात आलाय, एक ॲपवर आलाय. तारखा वेगळ्या आहेत."

"मॅडम, हा तोच आहे," मी म्हणालो.

"तोच कसा? ॲपवर कामापूर्वीचा फोटो आहे. त्यात बंधारा नाही. आणि तो फोटो काढला त्याच्या कितीतरी आधी कागदावर बंधारा पूर्ण झालाय. मग पहिला गेला कुठे?"

"तो यांनी फोडला," सुनंदा म्हणाली.

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का?"

"तो बांधलाय हे दाखवायला," मी म्हणालो.

त्यांनी कागद पुन्हा सुलटा केला. मग समजूतदारपणे म्हणाल्या, "हे बघा, माझ्याकडे दोन नोंदी आहेत. एक कमी करायची तर तुमचा लेखी खुलासा लागेल. आणि सोबत पुरावा लागेल."

"कसला पुरावा?"

"पहिला बंधारा तोडल्याचा. तोडतानाचा एखादा फोटो असेल ना?"

तोडतानाचा फोटो नव्हता! बबन तेव्हा गाडीच्या नावानं ओरडत होता. पुन्हा एक रकाना रिकामा! एक हात खिशातल्या मोबाइलकडे गेला, दुसऱ्या हातात फावडं होतंच, आणि मी बंधाऱ्याकडे बघितलं. देवाशप्पथ सांगतो, नुसतं बघितलं!

सुनंदानं फावडं हिसकावून घेतलं. "मॅडम, तुमी दोन बंधारे हायत असंच लिवा. पायजे तर दुसरा आमी बायका उद्या बांधून देतो. पण यांच्याकडे फोटो मागू नका!"

तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे. ओहोळावर जाताना मी मोबाइल तरी न्यायचा, नाहीतर फावडं तरी. दोन्ही एकदम न्यायचे असतील, तर सोबत जनीवयनी येते.