तीन तंबू आणि हवालदार गावडे

त्या वर्षी आमची बटालियन ईशान्येच्या डोंगरांत, सरहद्दीजवळ होती. मी नायब सुभेदार, प्लाटून कमांडर. आमची पोस्ट डोंगराच्या एका सोंडेवर. खाली नदी, आणि नदीच्या काठानं नवा रस्ता कोरायचं काम चाललेलं. मी सदलग्याचा. आमच्याकडं पाऊस येतो आणि जातो. तिथं तो राहायलाच येतो. कपडे वाळत नाहीत, बुटांना बुरशी धरते, काडेपेटी छातीशी ठेवावी लागते.

पावसाच्या तोंडावर खेचरांवरून तीन तंबू वर आले. बरोबर हुकूम होता: युजर ट्रायल. म्हणजे तंबू लावायचे, पावसात त्यांत राहायचं आणि कुठला चालेल ते कळवायचं. कॅप्टन मेहरा प्रमुख, तंबू लावायचं आणि जवान आत ठेवायचं काम माझ्याकडं.

आज मी निवृत्त होऊन टिळकवाडीत राहतो. मुलगी शिक्षिका आहे. ती आणि तिच्या शाळेतली मंडळी भर पावसात कणकुंबीच्या रानात मुक्कामाला जातात. तंबू घ्यायचा झाला की सगळे मला विचारतात. मी त्यांना त्या ट्रायलचंच सांगतो. दुसरं काही मला माहीत नाही.

पहिला तंबू जाड किंतानाचा, जुन्या पद्धतीचा. दुसरा एकेरी नायलॉनचा, अगदी हलका. एका माणसाच्या पिट्टूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, मावायचा. तिसरा दुहेरी. आत एक कापड, बाहेर दुसरं, मध्ये हात जाईल एवढी फट. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली. तळ भिंतींना जोडलेला आणि कडेनं परातीसारखा वर उचललेला.

ते लावायला मी हवालदार परशराम गावडेला सांगितलं. परशराम जांबोटीच्या अलीकडच्या, धो धो पावसाच्या गावचा. बुटका, रुंद खांद्यांचा, सावकाश बोलणारा. मी कुकहाऊसजवळची सपाट जागा दाखवली. त्यानं बुटाच्या टाचेनं माती दाबून बघितली.

"हितं नको साहेब."

"का? सपाट हाय की."

"सपाट हाय म्हणूनच. वरचं समदं पाणी हितंच येऊन बसणार. आमच्याकडं गोठा बी असल्या जागी बांधत न्हाईत."

त्यानं वरची, किंचित उताराची जागा निवडली. तिथं उभं राहायलाही नीट जागा नव्हती. सेक्शनची पोरं कुरकुरली. त्यानं त्यांच्याकडून दगड उचलून घेतले, वरच्या अंगाला अर्धगोल चर खणून घेतला आणि दार वाऱ्याच्या उलट बाजूला केलं. खुंट्या मऊ मातीत धरेनात म्हणून प्रत्येक तणाव्याच्या टोकाला दगड बांधला.

मग पाऊस लागला. रोज सकाळी मी तिन्ही तंबूंत जाऊन बघायचो. किंतानाचा तंबू पहिले काही दिवस उत्तम. नंतर तो पाणी प्यायला लागला. आतून कुणाचं डोकं टेकलं की तिथूनच ठिबकायचा, आणि भिजल्यावर चौघांनाही उचलेना. एकेरी नायलॉनमधली पोरं म्हणाली, गळतोय. कॅप्टन मेहरा स्वतः आत झोपले. सकाळी त्यांनी छताला आतून बोट लावून बघितलं आणि हसले. बाहेरचं पाणी आत येतच नव्हतं. माणसांच्या श्वासाची वाफ गार कापडाला लागून खाली पडत होती. वारं खेळायला जागाच नव्हती. तिसऱ्या तंबूतही तीच वाफ व्हायची, पण ती दोन कापडांच्या मधून निघून जायची. उरलेलं पाणी बाहेरच्या कापडावरून चरात जायचं.

रिपोर्ट जवळजवळ तयार होता. त्याच सुमारास, एका दुपारी जेवण उरकत असताना खालून आवाज आला. तोफेसारखा नाही. धान्याची गाडी रिकामी करताना येतो तसा, पण थांबेना. पाठोपाठ रेडिओ वाजला.

"अल्फा वन, रस्त्याच्या लेबर कॅम्पवर दरड आली आहे. तुम्ही सगळ्यांत जवळ. पार्टी पाठवा. ओव्हर."

"रॉजर. पार्टी निघते. आउट."

परशराम पानावरून उठलाच होता. दोर, फावडी, स्ट्रेचर घेऊन आम्ही उतरलो. कॅम्पचा अर्धा भाग चिखलाखाली होता. उरलेली माणसं नाल्याच्या पलीकडं अडकलेली. बाया होत्या, लेकरं होती, डोकं फुटलेले दोन गडी होते. नाला फुगलेला. परशराम कमरेला दोर बांधून पलीकडं गेला, तिथल्या खडकाला दुसरा दोर बांधला आणि एकेकाला त्याच्या आधारानं धाडू लागला. त्याच्या कमरेच्या दोराचं टोक माझ्या हातात होतं. अलीकडं पोचलेल्यांना आमची पोरं वर पोस्टवर नेत होती.

वर पोस्टवर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. बंकरमध्ये पाणी शिरलं होतं. वाऱ्यानं किंतानाच्या तंबूचा खांब वाकवला आणि तो बसला. कुकहाऊसजवळच्या सपाट जागेत घोटाभर पाणी साचलं. नर्सिंग असिस्टंटनं जखमींना दुहेरी तंबूत घेतलं, लेकरांनाही तिथंच कोंबलं. आत स्टोव्ह पेटला. बाकीच्यांना एकेरी तंबूत बसवलं. एवढ्या माणसांना कोरडी म्हणावी अशी जमीन त्या डोंगरावर तेवढीच उरली होती.

खाली शेवटी एक म्हातारा राहिला. मजुरांचा स्वयंपाकी. त्याचा पाय सुजलेला, हात थरथरत होते. आडव्या दोराला धरून येणं त्याला जमणार नव्हतं. परशरामनं त्याच्याकडं बघितलं, वर डोंगराकडं बघितलं. मग स्वतःच्या कमरेचा दोर सोडला आणि म्हाताऱ्याला बांधला.

मी ओरडलो, "गावडे, दोर सोडू नको."

"वढा साहेब. आधी ह्याला घ्या. मी हाय हितं."

आम्ही ओढलं. म्हातारा पाण्याच्या मध्यावर असताना वरून दुसरी दरड आली. माती डोळ्यांत गेली. मी दोर सोडला नाही. दोराला माणूस होता, तो आम्ही बाहेर काढला. पलीकडचा खडक जागेवर नव्हता.

मी रेडिओवर बटालियनला कळवलं, "टायगर, अल्फा वन. जिवंत होते ते सगळे मजूर बाहेर. आमचा एक मिसिंग. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"हवालदार गावडे. ओव्हर."



"रॉजर. शोध चालू ठेवा. आउट."

दुसऱ्या दिवशी तो नदीच्या वळणावर सापडला. खांदा द्यायला मजूरही आले. त्यांतल्या कुणाची भाषा आम्हाला येत नव्हती. म्हातारा स्वयंपाकी एका पायावर लंगडत स्ट्रेचरच्या मागं वरपर्यंत चालत आला. त्याला कुणी थांबवलं नाही.

कॅप्टन मेहरांनी रिपोर्ट पुन्हा लिहिला. त्यात दुहेरी तंबूची शिफारस होती, आणि तो लावणाऱ्या हवालदाराचं नाव होतं. पुढं कुठला तंबू घेतला गेला ते आमच्यापर्यंत आलं नाही. पण त्या दुपारी माझ्या प्लाटूनमधल्या एकानंही मागं पाऊल घेतलं नाही, हे मी कुणाहीपुढं ताठ मानेनं सांगतो.

मुलीला मी इतकंच सांगितलं. कापड दुहेरी बघ. शिवणीला पट्टी आहे का बघ. तळ कडेनं उचललेला हवा. घरी आणून अंगणात लाव, वरून बादल्या ओत, मग आत जाऊन बस. आणि जागा निवडताना घाई करू नको. चांगला तंबूसुद्धा वाईट जागेपुढं हरतो.

परशरामला लष्करी इतमामानं त्याच्या गावी निरोप दिला. मी दर वर्षी तिथं जाऊन येतो. निवृत्तीनंतर मला आमच्या त्या भागातून बदलून आलेला एक सुभेदार भेटला. तो म्हणाला, आता त्या पोस्टचं नावच परशराम आहे. पलटणी बदलतात, नाव राहतं. मी त्याच आठवड्यात गावी गेलो. वैनी, म्हणजे परशरामची बायको, सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मी सांगितलं. तिनं हात थांबवले.

"नाव दिलंय म्हंजे पाटी लावलीया?"

"पाटी हाय. पण रेडिओवर बी तसंच हाक मारत्यात. 'परशराम, परशराम, रिपोर्ट द्या.'"

"मग तिकडनं कोण बोलतंय?"

"ड्युटीवर असंल त्यो जवान. 'परशराम ओके' म्हणतोय."

"रोज?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग उठून आत गेली आणि सासूला हाताला धरून बाहेर घेऊन आली. म्हातारीला ऐकायला कमी येतं. तिला माझ्यासमोर बसवलं.

"अण्णा, परत एकदा सांगा. ह्यांच्या आईला ऐकू जाईल असं, मोठ्यानं."

मी सावधान उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं.