चालत्या रिक्षेतला मंत्र

गुणातात्यांचा सापाचा मंत्र फक्त चालत्या रिक्षेत चालायचा. रिक्षाही दवाखान्याच्या दिशेने जाणारी हवी. फुरसे चावलेल्या माणसाला लोक त्यांच्या घरापुढच्या खळ्यात आणून टेकवत, तोवर तात्या उठून रिक्षेत जाऊन बसलेले असत. म्हणत, "मंत्राक वारो व्हयो. बसल्या जाग्यार तेका धार येणा नाय."

पूर्वी हा नियम नव्हता. पूर्वी ते खळ्यातच लिंबाची डहाळी फिरवत. पैसा-नारळ घ्यायचा नाही आणि हाकेला नाही म्हणायचे नाही, ही मंत्राची अट ते पाळत. काही माणसे बरी होत, कारण प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही. जी बरी होत नसत, त्यांच्याबद्दल गाव बोलत नसे. मला ते गप्प बसणे सहन होत नव्हते. 'साप चावला? थेट दवाखाना!' हे पत्रक मी स्वतः लिहिले, छापले आणि आचऱ्यापासून आत आमच्या काजूच्या वाड्यांपर्यंत घरोघर वाटले. पहिली प्रत तात्यांच्या हातात दिली.

मी भांडायला सज्ज होते. त्यांनी सगळे वाचले आणि चष्मा काढला.

"बरा लिवलंस गो. पण दवाखान्यातल्या औषधाच्या बाटलीत काय आसता, ता खंय लिवलंस?"

मी सांगितले. घोड्याला सापाचे विष थोडे थोडे देतात. घोडा मरत नाही, उलट त्याच्या रक्तात विषाला धरून ठेवणाऱ्या अँटीबॉडी तयार होतात. त्या काढून बाटलीत भरतात. धरतात म्हणजे कशा, हे तात्यांना हवे होते. त्यांची सून पडवीत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, साफ करत होती. मी त्यातली एक उचलून तिच्या नांग्या दाखवल्या. म्हटले, "अँटीबॉडी ही अशी. ह्ये दोन डेंगे इखाक पकडतत. अंग मात्र घोड्याचा, आमच्या शरीराक ता परका वाटता. म्हणान कारखान्यात अंग कापून टाकतत आणि डेंगे ठेवतत."

"डेंग्यांतच खरा मास," तात्या म्हणाले. "कारखानेवाल्यांका खावची अक्कल आसा."

आता प्रयोगशाळेत असे डेंगे माणसाच्या अँटीबॉडीच्या साच्यातच घडवायचे प्रयत्न चालू आहेत, ते जमले तर घोडा लागणार नाही, हेही मी सांगितले.

"मगे घोड्यांका पेन्शन मिळाक व्हयी. तुका फुडच्या पत्रकाक विषय गावलो."

पुढच्याच हाकेला त्यांनी तो वाऱ्याचा नियम काढला आणि गावाने निमूट मानला. मी मात्र संतापले. मला मंत्र बंद व्हायला हवा होता, त्याची रिक्षेतून मिरवणूक नको होती. 'मंत्राने विष उतरत नाही' असे नवे पत्रक लिहून मी त्यांची सही मागायला गेले.

"खरा आसा ता," तात्या म्हणाले.

"मगे करा सही."

"सही केलंय तर उद्या माका कोण बोलवतलो? शेजारच्या गावच्या मांत्रिकाक बोलवतले. तो रिक्षेत बसूचो नाय."

मी पाय आपटत घरी आले. त्यांचे म्हणणे पटले ते शेजारच्या सुमनच्या वेळी. काजूखालचा पालापाचोळा गोळा करताना तिला फुरसे चावले. नेहमीप्रमाणे बाबल्याच्या रिक्षेत सुमन, तिचा दीर विश्राम, मी आणि पुटपुटणारे तात्या. वाटेत मी विश्रामला घोड्यापासूनच्या औषधाचे सांगितले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचे रक्त काचेच्या नळीत ठेवून पाहिले. विषामुळे ते गोठेना. हिरड्यांतूनही रक्त येऊ लागले होते. औषध सुरू झाले आणि थोड्याच वेळात सुमन कुडकुडू लागली, अंगावर गांधी उठल्या. डेंगेही शेवटी घोड्याचेच; बाई त्या तयारीतच होत्या. औषध थांबवून त्यांनी मांडीत इंजेक्शन दिले आणि म्हणाल्या, "जरा शांत झाली की पुन्हा सुरू करू."

विश्राम खाटेपुढे आडवा उभा राहिला. "घोड्याचा तिका सोसणा नाय. आता बाटली नको. आमी तिका घराक व्हरतंव."

मी त्याला सगळे शास्त्र तावातावाने ऐकवले. तो जागचा हलेना. मग तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"विश्राम, माजो मंत्र रिक्षेतच संपलो. आता माज्याकडे कायव नाय. जा काय आसा, ता त्या बाटलीत आसा. घोडो तो, एखादी लाथ मारतलोच. पण इखाक धरतलो तोच."

विश्राम बाजूला झाला. औषध पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सुमनचे रक्त नळीत गोठले आणि तिने पेजेबरोबर सुका बांगडा मागितला. दवाखान्यात बांगडा मिळत नाही म्हटल्यावर तिने तात्यांनाच फैलावर घेतले. मी ते सहीचे पत्रक चुलीत घातले.

पुढे तात्या थकले. मरण्याआधी मंत्र कुणाला तरी द्यावाच लागतो, असा समज. तो मागायला शेजारगावचा मांत्रिक फेऱ्या मारू लागला. त्याच्या हाती गेला, तर माणसे पुन्हा खळ्यात बसून राहणार आणि बाटली दवाखान्यातच राहणार. मी तात्यांना म्हटले, "कोणाक देऊ नकात. मंत्र जाळून टाका."

"कागदार नाय तो, जळतलो कसो?" ते हसले. आणि मंत्र द्यायचा मुहूर्त म्हणून ग्रहणाच्या दिवशी त्यांनी बाबल्या रिक्षावाल्याला आत बोलावून दार लावून घेतले.

तात्या गेले. हाका आता थेट बाबल्याला येतात, आणि तो येतो तोच रिक्षा सुरू ठेवून. परवा मी त्याला विचारले, "मेल्या, तू खराच मंत्र म्हणतंस?"

"अर्धो म्हणासर दवाखानो येता," बाबल्या म्हणाला. "फुडचो इसारलंय."