ललिताची कॉफी

परवा बोईसरला नातसुनेने कॉफीच्या बिया भाजल्या आणि त्या धुरासरशी मी थेट माझ्या नव्या नवरीपणातल्या दांडी गावाला, सासरी पोचले.

आमच्याकडे भाडेकरू होती ललिता, मद्रासकडची. नवरा तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर. एके दिवशी संध्याकाळी तिचे वडील यायचे होते. लेक इथे रमली नसेल तर घेऊनच जायचं, असं ठरवून. त्यांच्यासाठी तिने सकाळीच घरातल्या शेवटच्या बिया भाजायला घेतल्या. असा धूर झाला की भर समुद्रातल्या होड्या माघारी वळल्या!

"आगो पोरी, जललं ना गो सगलं!" म्हणत माझ्या सासूने हंडाभर पाणी ओतलं.

ललिता रडायलाच लागली. मग सासूने बिया वेचून बोंबलांशेजारी उन्हात पसरल्या आणि दिवसभर काठीने कावळे हाकलले.

संध्याकाळी वडिलांनी बोंबलाच्या वासाची ती कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. सासूनेही घोट घेतला. "ह्या कडू काढ्यासाठी रडत व्हतीस गो?"

ललिता हसली, ठसका लागेपर्यंत हसली. दुसऱ्या दिवशी वडील एकटेच परत गेले.

तेव्हा मला वाटलं, त्यांना कॉफी आवडली. स्वतःच्या लेकी लांब दिल्यावर कळलं, त्यांचं लक्ष कॉफीकडे नव्हतंच.