थोरलीच्या खुराड्यातला कोंबडा

धाकट्या जावेच्या सोन्याचा मथुरेला कधी हेवा वाटला नाही. तिच्या पोटात दुखायचं ते सुगंधाच्या कोंबड्यांमुळे.

कट्टा गावाजवळच्या त्या घरात मथुरा थोरली सून आणि सुगंधा धाकटी. वाटण्या झाल्या तेव्हा परसात गडगा उभा राहिला, कमरेएवढा दगडी बांध. अलीकडे मथुरेचं खुराडं, पलीकडे सुगंधाचं, आणि सुगंधाच्या परसाला लागून रान. मथुरा रोज सकाळी मशेरीचं बोट तोंडात ठेवूनच पलीकडची पिल्लं मोजायची आणि मग दिवसभर चुलीतल्या लाकडांवर राग काढायची.

साल चोपन्नच्या सुमाराला कोंबड्यांवर मर आली. हिरवी हगवण, वाकडी मान, की खेळ खलास. ढोरांचा डॉक्टर तिला राणीखेत म्हणायचा, डोळ्यांना न दिसणारा विषाणू म्हणायचा. त्याची लस मात्र गावात पोचली नव्हती. दोन्ही खुराडी ओस पडली. मर रानातही शिरली. लाकडाला गेलेल्या बाया सांगायच्या की करवंदीच्या जाळीत रानकोंबड्या मरून पडल्या आहेत.

पुढे मर दरवर्षी येत राहिली. पण रानात मेलेल्या कोंबड्या वर्षागणिक कमी दिसू लागल्या, आणि सुगंधाच्याही निम्म्याहून जास्त टिकू लागल्या. मथुरेकडे वाचायचा एखादाच जीव. तिचा नुसता तिळपापड व्हायचा. सुगंधाने काहीतरी बांधून घेतलंय, असं तिने साऱ्या वाडीत सांगून टाकलं. रानातला एक कोंबडा गडग्यावर आरवून सुगंधाच्या कोंबड्यांत उतरायचा, तर मथुरा त्यालाही दगड मारायची. आपल्याकडे येत नाही ना, मग तिच्याकडेही नको. एकदा सुगंधाने आपणहून अंडी आणून दिली, उबवायला खुडूक कोंबडीखाली ठेवा म्हणून. मथुरेने त्यांचं कालवण केलं आणि चवीने खाल्लं.

एका गोष्टीत मात्र ती धाकटीच्या वरचढ होती. वर्षातून एकदा घरच्या राखणदाराला कोंबडा द्यायचा, ती राखण. जमिनीचं, माणसांचं, गुरांचं रक्षण करणारा तो देव. कोंबडा थोरलीच्या खुराड्यातला, हा तिचा मान. मर आली की मथुरा हात जोडून बोलायची, जो जगेल तो तुझा. जगलेला कोंबडा देवाला जायचा, एखादी कोंबडी जगली तर ती त्याच दिवशी पाहुण्यांच्या रश्श्यात. मग कट्ट्याच्या बाजारातून नवी पिल्लं यायची आणि पुढच्या मरीत मरायची.

बासष्ट साली पुन्हा तेच झालं. तिच्याकडे एक तांबडा कोंबडा तेवढा उरला. त्या दिवशी अभिमान गिळून तिने गडग्यावरून विचारलं, "काय घालतस गो तू तेंका?"

सुगंधा पिल्लांना कण्या टाकत होती. ती म्हणाली, "काय नाय, वैनीनू. मरीत जी जगतत, तेंचीच अंडी मी खुडकेखाली ठेवतंय. तुमी जगलेलोच कोंबडो देवाक दितास. रानात कोण देवाक दिता? थंय जगला ता रवता, नि तेचीच पिल्ला फुडे जातत."

मथुरेला ते लगेच पटलं, आणि पटलं म्हणूनच तिला जास्त राग आला. इतकी वर्षं आपण आपल्याच हाताने खुराडं रिकामं करत होतो, आणि हे सांगायला हीच मिळाली. पण तांबड्याला तिने टोपलीखाली वेगळा ठेवला. सुगंधाच्या दोन तलंगा, अंड्यावर येऊ घातलेल्या तरण्या कोंबड्या, मागून आणायच्या, पुढच्या वर्षी आपलंही परस भरेल, असं ती मनात घोळवू लागली. राखणदाराला एक वर्ष धाकटीच्या खुराड्यातला दिला तर तो काही कोपणार नव्हता. नवऱ्यालाही तिने तसं सांगून ठेवलं.

राखणीच्या दिवशी घरचे सगळे राखणदाराच्या आंब्याखाली जमले. सुगंधा आपला कोंबडा काखेत धरून उभी होती, नवं लुगडं नेसून. चुलतसासरे अप्पा गाऱ्हाणं घालायला पुढे झाले आणि त्यांनी विचारलं, "कोंबडो खंयचो रे ह्या वर्साक?"

आता अप्पा धाकटीचं नाव घेणार, ते साऱ्या घरासमोर, देवासमोर. मथुरेच्या छातीत कोणीतरी निखारा ठेवला. "वायच थांबा," म्हणून ती घराकडे धावली, टोपली उलथली आणि तांबड्याला पायाला धरून घेऊन आली.

"बा देवा म्हाराजा," अप्पांनी सुरुवात केली, "थोरल्या सुनेच्या खुराड्यातलो ह्यो कोंबडो मान्य करून घे." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं.

त्यांत सगळ्यात मोठा आवाज सुगंधाचा होता. अगदी मनापासून आलेला, त्यात तसूभरही जळफळ नव्हती. मथुरेने तो ऐकला, आणि तिला त्याचाही हेवा वाटला.