जुना तेवीस नंबर

गव्हाणे सर एसटीत चढले की जागा शोधत नसत, माणूस शोधत. मानवतहून बोरीला येईपर्यंत शेजारच्याचं गाव, काम आणि सुट्टीचा वार त्यांनी काढून घेतलेला असे. उतरताना ठरलेलं वाक्य: "पाव्हणं, शनिवारी आमच्या शाळंत यायचं. हत्यार संगं आना." पहिल्यांदाच ऐकणारा माणूस 'हत्यार' म्हटल्यावर जरा दचके. मग सर समजावत, "आवो, तुमी ज्यानं काम करता ते! पाना, सुई, कात्री, काय असंल ते."

सर आम्हाला मराठी शिकवत. पण शनिवारी सकाळी शेवटचा तास त्यांनी पाहुण्यांसाठी राखला होता. शाल नाही, नारळ नाही, परिचयाचं भाषण नाही. पाहुण्यानं कामाच्या कपड्यांत यायचं, पोरांच्या बाकावर बसायचं आणि सुरुवात स्वतःच्या फजितीपासून करायची. येलदरीच्या वीजघरातले एक काका आले, त्यांनी पहिल्याच दिवशी भलतंच बटण दाबून साहेबाची बोलणी कशी खाल्ली ते सांगितलं. मानवतच्या बाजारातल्या माणसानं मूठभर कापूस चिमटीत ओढून धाग्याची लांबी कशी ओळखायची ते दाखवलं, तेव्हा घरी गेल्यावर आम्ही उशा फाडल्या. मार खाल्ला तो वेगळा.

हे नियम सरांना एका चुकीतून सुचले होते. आधी एकदा त्यांनी मोठ्या साहेबांना बोलावलं होतं. मांडव, हार, सगळं. साहेब दीड तास ध्येय, जिद्द आणि चिकाटीवर बोलले. सोमवारी सरांनी वर्गाला विचारलं, "साहेब रोज हापिसात जाऊन काय करतात?" एकालाही सांगता येईना. सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मलाबी कळलं न्हाई बघा. चूक माझी हाय." पोरांपुढे चूक कबूल करणारा मास्तर मी तोवर पाहिला नव्हता.

शेवटी एक प्रश्न मात्र कुणालाच चुकत नसे. हजेरीच्या नंबरानं ज्याची पाळी असेल त्यानं उभं राहून विचारायचं, "तुमच्या लेकराला याच कामाला लावाल का?" उत्तर विचारणाऱ्यानंच जाड निळ्या वहीत लिहून ठेवायचं. सर म्हणत, "बाकीचं भाषान असतं. खरं काय ते इथं कळतंय."

मी नववीत असताना दसऱ्यानंतर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरात सांगून टाकलं की यंदा मीही त्यांच्यासोबत ऊसतोडीला जायचं. आईची पाठ धरली होती, धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकरी थापायला कुणीतरी हवंच होतं. अण्णांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. मी वाचनालयाचं पुस्तक सरांकडे परत करायला गेले आणि त्यांना सांगून टाकलं. मला वाटलं, सर आता घरी येऊन शिक्षणाचं महत्त्व सांगणार आणि अण्णा चिडणार.

सर आले, बसले, चहा प्याले. शिक्षणाचं नाव नाही! उठताना म्हणाले, "ज्ञानोबाभाऊ, शनिवारी शाळंत या. कोयता घिऊन."

"मी काय सांगू, सर? मी काय सायब हाव का?"

"सायब आनला व्हता एकदा. लेकरं झोपली."

अण्णा आले. आधी भिंतीकडे बघून बोलत होते. मग फजिती सांगितली. पहिल्या वर्षी त्यांनी ऊस जमिनीपासून वीतभर वर तोडला आणि मुकादमानं दोन सऱ्यांची खोडं पुन्हा छाटायला लावली. पोरं हसली, अण्णाही हसले आणि मोकळे झाले. कोयता कसा धरायचा, पाय कुठं ठेवायचा ते वाकून दाखवलं, नडगीवरचा जुना वण दाखवला. माझे वडील इतकं छान बोलतात हे मला त्या दिवशी कळलं. माझी मान ताठ झाली होती.

शेवटच्या प्रश्नाची पाळी त्या शनिवारी पंधरा नंबरची होती. सरांनी पुकारला तेवीस. तेवीस मी.

मी उभी राहिले. प्रश्न पाठ होता. "तुमच्या लेकराला याच कामाला लावाल का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग कोयता फडक्यात गुंडाळत बसले. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "न्हाई." आणि निळ्या वहीकडे बोट करून, "लिव्ह."

मी लिहिलं. ऊसतोडीची टोळी गेली तेव्हा मी गावातच मावशीकडं राहिले. आईनं तो हंगाम पाठीला फडकं बांधून काढला, हे मी विसरलेले नाही.

पुढे मी शिक्षिका झाले, जवळच्याच गावात. गेल्या वर्षी सर निवृत्त झाले, तेव्हा पोरांनी शेवटच्या शनिवारी त्यांनाच पाहुणा म्हणून बोलावलं. मीही जाऊन मागच्या बाकावर बसले. तासाआधी मी त्यांना इतक्या वर्षांचं मनातलं विचारून घेतलं, "सर, चौदानंतर तेवीस कसा आला होता?"

"मी मराठीचा मास्तर. गणिताचं मला इचारू नको."

हत्यार म्हणून त्यांनी ती निळी वही आणली होती. फजिती म्हणून साहेबांचीच गोष्ट सांगितली. शेवटचा प्रश्न आला तसा सरांनीच नंबर पुकारला, "तेवीस!" पुढचा एक पोरगा उभा राहिला.

"तू बस रे बाळा. जुना तेवीस बोलू दे."

मी उठले. सरांच्या दोन्ही मुलांनी मास्तरकीला केव्हाच नकार दिला होता, एक पुण्याला नोकरीत, दुसऱ्याचं परभणीत दुकान. हे मला माहीत होतं, तरी नियम तो नियम. "सर, तुमच्या लेकराला याच कामाला लावाल का?"

"लावलंय की," सर म्हणाले. "तीच इचारायली."

वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. मला रडू आवरेना. सरांनी निळी वही पुढे केली, पेनाचं टोपण काढून दिलं आणि म्हणाले, "लिव्ह."

मी लिहिलं.