बाहेरच्या कपाटातले बाबा

मोटरहोममधलं टॉयलेट भरलं की भिंतीवर एक लाल दिवा लागतो. आमचा पहिल्याच सकाळी लागला.

"दोन-तीन दिवस आरामात जातील म्हणाला होता ना तो गाडीवाला?" मी दादावर खेकसले.

"तो पेपर वापरणारा माणूस," दादा म्हणाला. "आपण तिघंही आत पाण्याचा मग घेऊन जातो. तू तर बादलीच ओततेस. मग काय होणार?"

पटलं, पण तसं म्हणाले नाही. या गाड्यांत टॉयलेटच्या खाली एक चपटी प्लॅस्टिकची पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. जे काय असेल ते त्या पेटीत, आणि वास मरावा म्हणून त्यात एक निळं केमिकल. पेटी भरली की गाडीच्या बाहेरून एक छोटं दार उघडायचं, पेटी ओढून काढायची आणि ठरलेल्या जागी नेऊन आपल्या हाताने रिकामी करायची. लीड्सहून निघतानाच मी दादाला बजावलं होतं, हे डिपार्टमेंट तुझं, मी त्या बाजूला फिरकणारसुद्धा नाही.

मोटरहोम घ्यायचं कारण बाबा. बाबा पुण्याला वारले तेव्हा दादा कार्डिफहून कसाबसा वेळेत पोचला. माझा पासपोर्ट व्हिसाच्या रिन्यूअलला अडकला होता, मी इथे किचनमध्ये उभी राहून फोनवर सगळं बघितलं. म्हणून आईने थोड्या अस्थी बाजूला ठेवल्या. लेकीचा हात लागायला हवा म्हणाली. तांब्याचा लहानसा गडू, तोंडाला लाल कापड घट्ट बांधलेलं, वर एक कापडी पिशवी. ती मांडीवर घेऊन आई विमानाने आली. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर बाबा एकदा आमच्याबरोबर आले होते, तिथल्या खडकावर बसले ते उठायलाच तयार नव्हते. त्याच पाण्यात सोडायचं ठरलं.

आता आईचे नियम. अस्थी घरात आणायच्या नाहीत. लीड्सला आमच्या मागच्या गार्डनमधल्या सफरचंदाच्या झाडाला पिशवी टांगली होती, वरून प्लॅस्टिक, कारण लीड्सचा पाऊस. शेजारच्या आजींना वाटलं आम्ही पक्ष्यांना दाणे ठेवलेत. हॉटेलात न्यायच्या नाहीत, ते दुसऱ्याचं घर. एअरबीएनबी तर नाहीच. शेवटी दादाने मोटरहोमची शक्कल काढली आणि स्वतःवर भलताच खूश झाला. आई पायरीवर उभी राहून आत डोकावली. गॅस दिसला, बिछाने दिसले.

"हे पण घरच की," ती म्हणाली. "इथे आपण जेवणार, झोपणार. आत नाही न्यायच्या."

"मग बाहेरून कप्पे आहेत, त्यात ठेव," दादा म्हणाला आणि किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला. ती गाडीला वळसा घालून गेली आणि ठेवून आली. खुर्च्यांच्या मोठ्या कप्प्यात ठेवली असेल असं आम्ही दोघं धरून चाललो.

आई बाबा गेल्यापासून रडली नव्हती. जेवायची, पोथी वाचायची, सांगू ते काम करायची, पण कुठेतरी अडकून पडल्यासारखी. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, "ह्यांना एकदा नीट पोचवलं की मी सुटले." त्यातल्या 'नीट'ची मला धास्ती होती. जन्मभर जिने सोवळ्याओवळ्यात इकडचा चमचा तिकडे होऊ दिला नाही, तिचं नीट म्हणजे काय, हे मी चांगलं ओळखून होते.

तर लाल दिवा. आम्ही राहिलो होतो तो कॅम्प नव्हता, एका पबमागचं नुसतं पार्किंग होतं. दादाने चार ठिकाणी फोन केले. शेवटी वाटेवर एक स्टोरेज यार्ड मिळालं, लोक वर्षभर आपल्या कॅरॅव्हॅन जिथे कुलूपबंद ठेवतात तसं. तिथे पेट्या रिकाम्या करायची जागा होती आणि वाटसरूंनाही येऊ देत होते. तारेच्या कुंपणाआड पांढऱ्या गाड्यांच्या रांगाच रांगा, माणूस औषधाला नाही. ऑफिसातून एका बाईंनी हात हलवून कोपऱ्याकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात काँक्रीटचा ओटा, त्यात झाकणाचं भोक, धुवायला एक नळ. थोडं लांब पिण्याच्या पाण्याचा वेगळा नळ. आईला पुढच्या सीटवर बसवून आम्ही उतरलो. म्हणजे दादा उतरला. मी पाय मोकळे करायला.

दादाने रबरी हातमोजे चढवले, ते बाहेरचं छोटं दार उघडलं आणि एकदम मागे सरला.

"ए, इकडे ये. लवकर ये."

"मी येणार नाही म्हणून सांगितलंय."

"अगं ये गं!"

त्याचा आवाज ऐकून गेले. कॅसेटच्या वर, त्या घाणीच्या पेटीला टेकून, आमच्या बाबांची पिशवी. पेटी काठोकाठ भरल्यामुळे कुठूनतरी पाझरली होती आणि कापडाचा तळ निळा झाला होता. वास तर विचारूच नका.

मी काही नाजूक बाई नाही. लीड्सच्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डवर इतकी वर्षं काढलीत, घाणीने माझ्या भुवया हलत नाहीत. पण हे वेगळं होतं. रात्रभर आम्ही आत जातोय, पाणी ओततोय, आणि खाली बाबा. आई गं!

"तू किल्ल्या दिल्यास!" मी ओरडले. "अक्कल काय कार्डिफला ठेवून आलास? सत्तरीच्या बाईला जुडगा देतोस आणि सांगतोस कुठेही ठेव?"

"कुठेही म्हणालो नव्हतो. आणि हळू बोल, काच उघडी आहे."

"आता काय करायचं?"

"तिला नाही सांगायचं," दादा कुजबुजला. "पिशवी फेकू. गडू धुऊ. आतलं कोरडं आहे, तोंडाचं लाल कापड सुकं आहे बघ. नवी पिशवी मिळेल कुठेतरी. संपलं."

"आईशी खोटं? बाबांच्या अस्थींवरून?"

"मग सांग तू! जा, सांग. ती म्हणेल बाटलं सगळं, आता सोडायचं नाही, गुरुजी आणा, शांती करा. इथे कुठून आणू मी गुरुजी? आणि मग ती सुटणार कधी?"

त्याचं चुकत नव्हतं, म्हणून मला आणखीच संताप आला. मी पिशवी उचलली. दोन बोटांनी उचलली, आणि बाबांना आपण दोन बोटांनी उचलतोय हे लक्षात आल्यावर दोन्ही हातांनी धरली. निळं पाणी मनगटावरून बाहीत गेलं. तेवढ्यात मागे दार वाजलं. आई उतरली होती. शालीचं टोक सावरत, गुडघ्यावर हात ठेवत ती आमच्याकडे येत होती.

"आई, तू आत बस ना, गार आहे," मी म्हणाले.

ती थांबली नाही. माझ्या हाताकडे बघितलं, मग उघड्या दाराकडे, मग कॅसेटकडे. वाकून वास घेतला.

"ही संडासाची पेटी होय?" तिने विचारलं.

"हो."

"मला वाटलं पाण्याची टाकी. स्वच्छ दिसली म्हणून तिथे ठेवली."

आम्ही दोघं आता फुटेल, मग फुटेल, म्हणून वाट बघत उभे. आईने माझ्या हातातून पिशवी घेतली, गडू बाहेर काढला, पिशवी माझ्याकडे परत दिली.

"तोंड काय पाडलंत असं?" ती म्हणाली. "दीड वर्ष ह्यांचं सगळं माझ्या हातांनी काढलंय. भांडं, चादरी, सगळं. ह्यांना कसला आलाय विटाळ?"

मला ते कळायलाच वेळ लागला. "तू म्हणजे? बाबांना बघायला बाई होती ना. आपण नर्सिंग ब्यूरोतून लावली होती ती."

"ती आठवड्यात गेली. ह्यांना तिने हात लावलेला चालेना. अंगावर धावून जायचे."

"मग पुरुष मिळाला असता," दादा म्हणाला.

"मिळाला असता. तोही नको. आणि मुलांना यातलं काही कळता कामा नये म्हणाले. लेकीला तर मुळीच नाही."

"पण आम्ही रोज व्हिडिओवर बघत होतो गं!" मी म्हणाले. " किती छान दिसायचे. भांग पाडलेला, पावडर लावलेली."

"त्याच्या आधी तासभर तेच चालायचं की," आई म्हणाली. "पुसायचं, कूस वळवायची, चादर काढायची, भांग पाडायचा आणि मग तुम्हाला फोन लावायचा."

बाबा चांगले सहा फुटी. आमच्या वॉर्डवर असा माणूस वळवायचा तर दोघी लागतात. एकटीने करू गेलं तर सिस्टर ओरडते, पाठ कायमची जाईल म्हणते. मी आईच्या त्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"एकटीने, आई?"

"मग कोण होतं?"

टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारलं तिने, आणि ते फार वाईट होतं.

आई पिण्याच्या नळापाशी गेली. शाल खोचली आणि हळूच खाली बसली. धार बारीक सोडून ती गडूचा तळ तळहाताने चोळायला लागली. कापडावर थेंब उडू नये म्हणून दुसरा हात वर आडवा धरलेला. आणि बोलत होती. मला आधी वाटलं आमच्याशीच.

"झालं हं. झालंच आता. गार लागतंय ना? जरा कळ काढा."

मी धावत गेले. "दे, मी धुते," म्हणत गडूला हात घालणार, तर तिने कोपराने मला मागे सारलं.

"नको गं. तिकडे तोंड करा दोघं," आई म्हणाली. "ह्यांना लाज वाटते."

आम्ही दोघांनी तोंडं फिरवली.