लेबल नसलेली बाटली

इरायदा कोयासोसारखी किराण्याची खरेदी आमच्या अख्ख्या किस्सिमी शहरात कुणी करत नसेल. हे मी कौतुकानं म्हणते आणि वैतागूनही, कारण तिच्याबरोबर सुपरमार्केटात गेलं की माझा अर्धा दिवस बुडालाच म्हणून समजावं.

इथलं पाळण्यांचं मोठं पार्क बघायला येणारी कुटुंबं हल्ली हॉटेलात उतरत नाहीत, आठवड्यासाठी अख्खं घर भाड्यानं घेतात. ती घरं सांभाळणाऱ्या कंपनीत आम्ही दोघी: साफसफाई मी करायची, किराणा इरायदा भरायची. पाहुणे आधी यादी पाठवायचे आणि त्यांचं विमान उतरायच्या आत दूध फ्रिजमध्ये, फळं टोपलीत आणि ब्रेड ओट्यावर असा संसार मांडून ती निघून गेलेली असायची. कुणी तिचं तोंडही बघायचं नाही. आधी तीही माझ्यासारखीच झाडू मारायची, अकरा वर्षं. मग गुडघा गेला. तेव्हा ऑफिसातल्या डार्लीनबाईंसमोर उभी राहून म्हणाली, "वाकणं आता जमत नाही, पण निवडणं जमतं. पाहुण्यांचं सामान मला आणू द्या." हे काम कंपनीत नव्हतंच, तिनं ते स्वतः काढलं. अठ्ठावन्न वर्षांच्या, लंगडत चालणाऱ्या बाईला इथं दुसरं कोण उभं करतंय? हे ती जाणून होती आणि म्हणून जीव ओतायची.

यादी वाचायची तिची तऱ्हा न्यारी. एकदा कुणीतरी बिअर, कागदी प्लेटा आणि डझनभर केळी एवढंच लिहून पाठवलं. इरायदा म्हणाली, "चौघं-पाच पुरुष आहेत. बायका बरोबर नाहीत. आणि ही केळी एकाच्या आईनं लिहायला लावलीत."

"तू काय पत्रिका बघतेस का गं लोकांच्या?" मी हसले. पण घर आवरायला गेले तर चार बाप्ये, पोरगेलेसे, आणि केळ्यांची सालं तेवढी उरलेली.

गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग घेऊन ती डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायची. यादीत 'साखर नको' असेल तर सॉसमधलीसुद्धा साखर शोधून काढायची. मागच्यांच्या गाड्या तुंबायच्या, लोक खाकरायचे, हिला सोयरसुतक नाही.

एक दोष मात्र होता. टाकवत नाही तिला काही. कंपनीचा नियम साधा आहे: पाहुणे गेले की मागे राहिलेलं सगळं कचऱ्यात, सीलबंद असो की उघडं. पण आम्ही दोघी समुद्रापलीकडच्या बेटावरून इथं आलेल्या, आणि त्यात ती डोंगरातली. वादळानंतर तिच्या गावात अकरा आठवडे वीज नव्हती. एकाच तेलात पाच-पाच दिवस तळलंय तिनं. मीही त्या वेळी बेटावरच होते, पण मी विसरायला शिकले. ती नाही शिकली.

नोव्हेंबरच्या सणाला शेजारच्या जॉर्जिया राज्यातलं एक कुटुंब आलं होतं. त्यांनी अंगणात मोठ्या पातेल्यात अख्खा टर्की पक्षी तळला आणि जाताना तेलाचा एक पिवळा डबा मागे ठेवून गेले, दहा-अकरा लिटरचा, सीलही न फोडलेला. इरायदानं तारीख बघितली, सील बघितलं आणि डबा गाडीत टाकला. रिकाम्या काचेच्या बाटल्या उकळून, वाळवून त्यात तेल भरलं आणि चार घरांच्या कपाटात एकेक ठेवून आली. उरलेलं आम्ही दोघींनी वाटून घेतलं.

"नियमात बसत नाही हं हे," मी म्हटलं होतं.

"नियम करणाऱ्यांना कधी तेल कमी पडलं नाही," ती म्हणाली. मला ते पटलं. खरं सांगायचं तर फुकटचं तेल मिळाल्यावर कुणाला पटणार नाही?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तळ्याकाठच्या घराची यादी आली. वरच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "आमच्या चार वर्षांच्या मुलीला, टेसाला, शेंगदाणा चालत नाही. कणही पोटात गेला तर घसा सुजतो, श्वास बंद होतो. कृपया काळजी घ्या."

त्या दिवशी इरायदा दुकानात तीन तास होती. मी बरोबर होते, माझे पाय गळून गेले. बिस्किटं, सीरियल, ब्रेड, चॉकलेटचं दूध, सगळं भिंगाखालून. 'याच कारखान्यात शेंगदाण्याचेही पदार्थ बनतात' एवढं वाक्य दिसलं की तो पुडा परत फळीवर. पॅनकेकचं पीठ तिनं सहा प्रकारचं नाकारलं. यादीच्या शेवटी 'तेल, एक छोटी बाटली' होतं. त्यावर तिनं पेन्सिलीनं रेघ मारली. "तेल त्या घराच्या कपाटात आहे. कशाला उगाच पैसे घालवायचे त्यांचे?"

एवढं सगळं वाचलं बाईनं. ज्याच्यावर वाचायला काही नव्हतं ते एकच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वेगळ्याच घरात होतो. माझी बादली तडकली होती, म्हणून इरायदाच्या गाडीतला रिकामा पिवळा डबा आणला आणि नळाखाली धरला. पाणी भरेपर्यंत डोळे उगाच त्यावरच्या चित्रावर गेले.

"अगं, ही जॉर्जियाची माणसं टर्कीला शेंगदाण्याच्या तेलात आंघोळ घालतात की काय?" मी हसत म्हटलं. "शेंगा काढल्यात बघ डब्यावर. केवढ्या!"

मी वळून पाहिलं तर इरायदा ओटा धरून उभी होती. ओठ पांढरे पडले होते.

"टेसा," ती म्हणाली.

मला समजायला एक क्षण लागला. मग मी नळ बंद केला.

पाहुण्यांचे फोन नंबर आम्हाला देत नाहीत, ऑफिसातच असतात. ती फोन काढायला लागली तर मी तिचा हात धरला. "आधी त्या तळ्याकाठच्या घरी जाऊ. इथून दहा मिनिटांवर आहे. काल उशिरा पोचलेत ते, झोपले असतील अजून. बाटली उचलायची नि यायचं. ऑफिसला सांगून हात दाखवून अवलक्षण कशाला?"

गाडी मी चालवली. हमरस्त्यावर पार्काकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली, सिग्नल काही सुटेना. इरायदा शेजारी बसून देवाच्या आईला हाका मारत होती, मोठ्यानं, भांडल्यासारखी. "तुला लेकरू होतं ना? मग बघ जरा!" मला हसू येण्यासारखं होतं ते, पण आलं नाही.

तळ्याकाठच्या घरासमोर गाडी नव्हती. आम्ही दार वाजवलं, बेल वाजवली, हाका मारल्या. शेवटी इरायदानं दाराच्या बटणांवर आपला आकडा दाबला. आम्हा प्रत्येकीला वेगळा आकडा आहे. कोण कुठल्या दारातून कधी गेली हे ऑफिसात आपोआप उमटतं. पाहुणे असताना आत जायचं नाही, असाही नियम आहे.

आत कुणी नव्हतं. सिंकमध्ये तवा पडला होता, त्यावर पॅनकेकचा करपलेला तुकडा. टेबलावर चार ताटल्या. एकीवर गुलाबी पेला उपडा झालेला आणि दूध खुर्चीवरून जमिनीवर सांडलेलं. कुणी पुसलंसुद्धा नव्हतं. बाटली शेगडीशेजारीच होती. दोन बोटं तेल कमी झालेलं.

इरायदा त्या सांडलेल्या दुधाकडे बघत राहिली. "घाईनं गेलेत," ती म्हणाली. "पोरीला उचलून गेलेत."

"किंवा पार्कात गेलेत. पोरं सांडतातच गं दूध." आणि तेवढ्यात मी जे बोलले ते आज सांगायलाही लाज वाटते. "बाटली घे, मी तवा घासते. आपण इथं आलोच नव्हतो. तेल कुठलं होतं हे कुणाला कळणार आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"दाराला कळलंय," ती म्हणाली. "आणि नील्सा, ती पोर आत्ता दवाखान्यात असेल आणि डॉक्टर आईला विचारत असेल, काय खाल्लं हिनं? आई म्हणेल, काहीच नाही हो, सगळं तपासून घेतलेलं. कारण सामान मी आणलं होतं. मग?"

मी हातात घेतलेली घासणी परत ठेवली.

तिनं डार्लीनबाईंना फोन लावला आणि सरळ सांगितलं. तेल शेंगदाण्याचं आहे, मी ठेवलं, नंबर द्या. पलीकडून काय काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण इरायदा मध्येच ओरडली, "मला मग ओरडा! आधी नंबर!"

टेसाच्या आईचा फोन सात वेळा वाजला. कट झाला. पुन्हा लावला. फोन स्पीकरवर होता. तो उचलला गेला आणि पहिल्यांदा ऐकू आल्या त्या किंकाळ्या. पोरांच्या, बायकांच्या, एकदम. इरायदा मटकन खाली बसली, त्या दुधातच.

मग किंकाळ्या विरल्या, बँडचा आवाज आला आणि एक बाई म्हणाली, "हॅलो? थांबा हं, आम्ही पार्कात आहोत, डोक्यावरून रुळांवरचा पाळणा जातोय, काही ऐकू येत नाही."

"टेसा बरी आहे का?" इरायदानं विचारलं. तिचं इंग्रजी दुकानात शिकलेलं आहे.

"टेसा? इथंच आहे, आईस्क्रीमसाठी रडतेय. कोण बोलतंय?"

इरायदानं सगळं सांगितलं. तोडकंमोडकं, पण काही न लपवता. मी किराणा आणला, मी बाटली ठेवली, मला आठवलं नाही.

"ते तेल नवऱ्याच्या आणि मोठ्या मुलाच्या पॅनकेकला वापरलं," ती बाई म्हणाली. "टेसाचा तवा वेगळा असतो. तेल, पीठ, चमचासुद्धा आम्ही घरून आणतो. तिच्यासाठी मी दुसऱ्याच्या घरातलं मीठही वापरत नाही हो. तिच्या पहिल्या वाढदिवसाला माझ्या सख्ख्या बहिणीनं केक केला होता, तेव्हापासून."

इरायदा रडायला लागली. सुटकेनं रडत होती हे खरं. पण मी तिला ओळखते. तीन तास भिंग लावून निवडलेल्या त्या सामानातलं काहीच त्या पोरीच्या ताटात पडलं नव्हतं, हेही तिला लागलं होतं. पडलं नव्हतं हे बरंच झालं, तरीही.

"तुम्ही फोन केलात," ती आई म्हणाली. "लोक करत नाहीत. पण मला हे कंपनीला लेखी कळवावं लागेल. तुमच्यावर राग म्हणून नाही. पुढची आई कदाचित स्वतःचं तेल आणणार नाही."

"कळवा," इरायदा म्हणाली. "मी तुमच्या जागी असते तर मीही कळवलं असतं."

"आणखी कुठं आहे का ते तेल?"

इरायदा उठली. पॅन्टला लागलेलं दूध झटकलंही नाही तिनं. "तीन घरांत. आत्ता काढते."

जमिनीवरचं दूध मी पुसलं, बाटली घेतली आणि आम्ही निघालो. दुसऱ्या घरात बाटली जशीच्या तशी होती. तिसऱ्यातही. तिथून निघताना डार्लीनबाईंचा फोन आला. इरायदा "हो" म्हणाली, पुन्हा एकदा "हो" म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला. काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

चौथ्या घरी दुपार झाली होती. हे घर तिनं आदल्या दिवशी भरलं होतं, संध्याकाळी सहा मुलं घेऊन दोन कुटुंबं यायची होती. तिनं आकडा दाबला. लाल दिवा. पुन्हा दाबला, सावकाश, एकेक बटण. लाल.

"बंद केलाय," ती म्हणाली. इतक्या लवकर करतील असं तिला वाटलं नसावं. हात बटणांवरच राहिला होता.

ऑफिसातून दुसरी बाई येईपर्यंत पाहुणे येऊन बसले असते. आणि माझ्या आकड्यानं दार उघडलं तर ऑफिसात माझं नाव उमटलं असतं, कामावरून काढलेल्या बाईबरोबर, माझ्या यादीत नसलेल्या घराच्या दारात. सकाळी तवा घासून पळायला निघालेली मी. मी तिला बाजूला केलं आणि माझा आकडा दाबला. हिरवा.

"तुझं नाव लागेल गं," ती म्हणाली.

"लागू दे."

मी आत शिरले. ती आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, दोन्ही हात पर्सवर धरून, पाहुणी असल्यासारखी.

"ये ना आत, कोण बघतंय!"

"नको. मला आता परवानगी नाही." मग तिथूनच सांगायला लागली, "वरच्या कप्प्यात, मिठाच्या मागे." बाटली मिळाली. मी घेऊन निघाले तरी ती दारातून हलेना. मान पुढे काढून माझ्या खांद्यावरून फ्रिजकडे बघत होती.

"नील्सा, अंड्यांचा खोका उघडून बघ जरा. काल घाईत ठेवला मी. एखादं फुटलं असेल तर बदलून आण. लहान मुलं आहेत."